व्यवहार पुरा झाला का?

रेल्वेचं आरक्षण जाडजूड वह्यांमध्ये होत असे, तो काळ माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. प्रत्येक गाडीची वही वेगळी, प्रत्येक तारखेचं पान वेगळं. कुठल्या गाडीसाठी कुठल्या खिडकीपुढे उभं राहायचं, हेही ठरलेलं. चुकीच्या रांगेत तासभर काढला, तर बाबू मान वर न करता शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवी. गैरसोय पुष्कळ होती. पण एक गोष्ट त्या पद्धतीत आपोआप सांभाळली जाई. वही एक आणि लिहिणारा हातही एक. बाबू एका बर्थपुढे कुणाचं नाव लिहीत असताना तेच बर्थ दुसऱ्या कुणाला दिलं जाणं शक्य नव्हतं, कारण वही त्याच्याच पुढ्यात उघडी होती.

खरी अडचण परतीच्या तिकिटाची असे. मुंबईहून निघणाऱ्याला दिल्लीहून परत यायचं असेल, तर ती वही दिल्लीत. मग इथून तार जाई. तिथून उत्तर येई, किंवा येत नसे. उत्तर आलं नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? तार पोचलीच नाही? पोचली, पण जागा शिल्लक नव्हती? की जागा मिळाली, नावही लिहिलं गेलं, आणि उत्तराची तार तेवढी वाटेत हरवली? तिन्ही वेळा मुंबईतल्या माणसाला दिसणारं चित्र एकच, उत्तर नाही.

आज आपण मोबाइलवर तिकीट काढतो, गोल चक्र फिरत राहतं, मग पडदा पांढरा होतो. बँकेचा संदेश येतो की पैसे कापले गेले. तिकिटाचा पत्ता नाही. तार गेली, फोन आला, इंटरनेट आलं, आणि प्रश्न तिथेच उभा आहे. व्यवहार पुरा झाला का? झाला असेल तर कुणाच्या वहीत? या प्रश्नाला गेल्या पन्नास वर्षांत काय उत्तरं शोधली गेली आणि ती कुठे तोकडी पडली, याची हकिगत मला आज सांगायची आहे. मी कविता लिहिणारा, मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. संगणकाचं शास्त्र माझं नव्हे. पण हिशेब, वही आणि शब्द देणं यांचा हा इतिहास आहे, आणि या तीन गोष्टी काही फक्त इंजिनिअरांच्या मालकीच्या नाहीत.

संगणकवाले ज्याला डेटाबेस म्हणतात ती शेवटी एक मोठी वहीच. तिच्यात एकाच वेळी शेकडो हात लिहीत असतात, एवढाच फरक. माझ्या खात्यातून पाचशे रुपये तुमच्या खात्यात जायचे तर दोन नोंदी लागतात. माझ्या नावे पाचशे, तुमच्या जमा पाचशे. पहिली नोंद झाली आणि दुसरीच्या आधी वीज गेली, तर ते पाचशे रुपये जगातून नाहीसे होतात. म्हणून या दोन नोंदींची मोट बांधायची आणि म्हणायचं की दोन्ही होतील, नाहीतर एकही होणार नाही. या मोटेला ते ट्रान्झॅक्शन म्हणतात, आपण व्यवहार म्हणू. शेवटचा पक्का होकार म्हणजे कमिट. सगळं मागे घेणं म्हणजे रोलबॅक.

ही कल्पना काटेकोरपणे मांडणाऱ्यांत जिम ग्रे या अमेरिकन माणसाचं नाव पहिलं घ्यावं लागतं. जन्म १९४४, सॅन फ्रान्सिस्कोचा. बर्कलीहून पदवी घेऊन तो आयबीएम कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करू लागला. तिथे सत्तरच्या दशकात सिस्टिम आर नावाचा डेटाबेस घडत होता. अनेक हात एका वहीत लिहीत असताना एकमेकांच्या शाईवर हात पुसला जाऊ नये म्हणून कुलपं कशी लावायची, यावर १९७६ साली चौघांचा एक शोधनिबंध आला. त्यावर पहिलं नाव के. पी. ईश्वरन यांचं आहे आणि दुसरं ग्रेचं. पुढे १९८१ साली ग्रेने व्यवहार या कल्पनेवरच एक निबंध लिहिला. मला त्यात कौतुक वाटतं ते याचं, की त्याने ही कल्पना यंत्रातून काढली नाही. करारमदाराच्या कायद्यातून काढली. आधी बोलणी, मग होकार, मग नोंद. आणि नोंद झाल्यावर माघार नाही. झालेलं बिघडलं तर खोडायचं नाही, उलटा दुसरा व्यवहार करायचा. आपले जुने दिवाणजी हेच करत.

त्या निबंधात त्याने उदाहरण दिलं आहे ते ख्रिस्ती लग्नाचं. पाद्री आधी दोघांना विचारतो, दोघंही हो म्हणाले तरच लग्न लागल्याचं जाहीर करतो. मला हे वाचताना आमच्याकडचा निकाह डोळ्यांपुढे आला आणि तो या कामाला जास्तच चपखल बसतो, कारण तिथे वधू आणि वर एका जागी नसतात. वधू आतल्या खोलीत, वर बाहेर मंडपात. वकील दोन साक्षीदार घेऊन आत जातो. अमक्याचा मुलगा अमका, मेहर इतकी, कबूल आहे का, असं विचारतो. ती कबूल म्हणते, सही करते. तिघं बाहेर येतात. मग काझी वराला विचारतात, तोही कबूल म्हणतो. दोन्ही होकार जमले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की निकाह लागला. दुआ होते, खारका वाटल्या जातात. दोघांपैकी एकाचाही नकार आला तर काहीच झालेलं नसतं. दोन ठिकाणच्या दोन वह्यांमध्ये एक व्यवहार करायचा असेल तर संगणकही हेच करतात. मधला एक मध्यस्थ दोन्ही वह्यांना आधी विचारतो, तयार आहात का? दोघी तयार म्हणाल्या की आपल्या रोजकिर्दीत निकाल लिहितो, आणि मग दोघींना कळवतो. याला टू-फेज कमिट म्हणतात. ग्रेने १९७८ मध्येच ते लिहून ठेवलं होतं.

आता जरा आतल्या खोलीत जाऊन बघू या. मुलीने कबूल म्हटलं आहे, सही केली आहे. वकील बाहेर गेला. मंडपात काय चाललंय ते तिला दिसत नाही. या मधल्या पाच मिनिटांत ती कोण आहे? लग्न लागलं म्हणावं तर वराचं उत्तर अजून आलेलं नाही. नाही लागलं म्हणावं तर तिने शब्द दिलेला आहे, आता तिच्या बाजूने मागे फिरता येत नाही. डेटाबेसमध्ये या अवस्थेला फार नेमका शब्द आहे, इन-डाउट. संशयातला व्यवहार. मध्यस्थाचा निरोप येईपर्यंत ती वही ते पान धरून बसते, त्यावर दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही. मध्यस्थच बंद पडला तर ती धरूनच बसते. या जागेला पळवाट नाही. दोघांमधला निरोप हरवू शकत असेल, तर दोघांची एकाच वेळी पक्की खात्री पटवणारी कुठलीही पद्धत असू शकत नाही. हे १९७५ मध्येच दाखवून दिलं गेलं होतं. दोन टेकड्यांवरचे दोन सेनापती आणि मधल्या दरीत पकडले जाणारे जासूद, असं त्याचं रूपक ग्रेने रूढ केलं.

मग वीज गेल्यावर वही सावरते कशी? तर आपल्या पेढ्यांवर जशी आधी रोजकीर्द आणि मग खतावणी, तशी. काय करणार आहोत ते आधी रोजकिर्दीत क्रमाने लिहायचं, खात्यावर चढवायचं नंतर. वीज आली की रोजकीर्द क्रमाने वाचायची. पक्का होकार झालेलं जे खात्यावर चढलं नसेल ते चढवायचं, होकार नसलेलं जे चढलं असेल ते उतरवायचं. ही रीत सर्वांत नीटसपणे बांधली ती आयबीएममधल्याच सी. मोहन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९२ साली. मोहन मद्रासच्या आयआयटीतून गेलेले. त्यांच्या पद्धतीचं नाव एरीज. आज जगातल्या कितीतरी डेटाबेसांच्या पोटात तीच किंवा तिच्यावरून घेतलेली रीत आहे.

इथवर सगळं वहीच्या आतलं झालं. वहीच्या आत हा वायदा बहुधा पाळला जातो. घोळ होतो तो दारात.

रेल्वेचंच बघा. सीएमसी या सरकारी कंपनीने केलेली संगणकी आरक्षण पद्धत १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं झाली, म्हणजे पाच वह्या. १९९९ मध्ये त्या एकमेकींना जोडल्या गेल्या आणि कुठूनही कुठलं तिकीट मिळू लागलं. तोवर दार एकाच प्रकारचं होतं, खिडकी. पलीकडे रेल्वेचा माणूस, त्याच्या हातात रोख पैसे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीट द्यायला सुरुवात केली. त्या दाराने येणाऱ्याचे पैसे बँकेच्या वहीतून यायचे, बर्थ रेल्वेच्या वहीतून, आणि मध्ये आणखी दोन-तीन दलाल यंत्रं. खिडकीवर जो व्यवहार एका वहीचा होता तो या दाराने तीन-चार वह्यांचा झाला. बर्थ तेच, गाडी तीच. पण संशयात लटकण्याच्या जागा वाढल्या.

कार्यक्रम लिहिणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. ऐंशीच्या दशकात प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसशी बोलायची तऱ्हा निराळी होती. एकासाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्याला कळायचा नाही. म्हणून कंपन्यांनी एकत्र येऊन सामाईक बोलीचा प्रयत्न सुरू केला. त्यातून १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी आलं. १९९७ मध्ये जावा भाषेबरोबर जेडीबीसी आलं. हे एक प्रकारचे दुभाषे. कार्यक्रम बोलतो एका भाषेत, दुभाषा त्या त्या वहीला समजेल असं सांगतो. सोय फार मोठी झाली. पण दुभाषा कधी कधी आपल्या मनाचंही बोलतो.

इथे जी गोम आहे ती नीट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ओडीबीसी आणि जेडीबीसी या दोन्ही दुभाष्यांना, वेगळं काही सांगितलं नाही तर, एक सवय आहे. प्रत्येक वाक्यानंतर ते स्वतःच कबूल म्हणून टाकतात. याला ऑटोकमिट म्हणतात. माझ्या नावे पाचशे, कबूल. तुमच्या जमा पाचशे, कबूल. दोन वेगळी लग्नं लागली म्हणा ना! मोट बांधलीच गेली नाही. उलट ओरॅकलच्या एस्क्यूएल प्लस या दाराने तीच दोन वाक्यं टाकली, तर तुम्ही कमिट म्हणेपर्यंत काहीच पक्कं होत नाही. तुम्हाला स्वतःला बदल दिसतो, शेजारच्या टेबलावरच्याला दिसत नाही, आणि तोच आकडा तो बदलू पाहील तर त्याचा पडदा तुमची वाट पाहत गोठून राहतो. पायथन भाषेचे दुभाषे १९९९ पासूनच्या त्यांच्या नियमानुसार सुरुवातीला ऑटोकमिट बंद ठेवतात, म्हणजे तिथे कमिट म्हणायला विसरलात तर दिवसभराचं काम हवेत. आणि लोकप्रिय मायएस्क्यूएलमध्ये २०१० पर्यंत, वेगळं न सांगितल्यास, कोष्टकं अशा प्रकारची होत, की त्यांना व्यवहार ही गोष्टच ठाऊक नव्हती. रोलबॅक म्हणा, गडी मुकाट्याने मान हलवी आणि लिहिलेलं तसंच राही.

वाक्यं तीच, आकडे तेच. पण कुठल्या दारातून गेलात त्यावर कबूल कोण म्हणणार, कधी म्हणणार हे बदलतं. आणि दारावर तशी पाटी नसते.

माझा भाचा या धंद्यात आहे. त्याच्याकडून ऐकलेली एक हकिगत सांगतो. एक पतसंस्था होती, नाव नको. तिथे काउंटरवरचा हिशेब वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता. मग पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांच्या हातात छोटी यंत्रं आली. दिवसभर दुकानादुकानांतून वर्गणी घ्यायची, यंत्रातून पावती फाडायची, संध्याकाळी संस्थेत येऊन यंत्र संगणकाला जोडायचं की सगळ्या पावत्या खात्यांवर चढणार. काउंटरचा कार्यक्रम जुना होता, स्वतः मोट बांधून लिहिणारा. यंत्राचा कार्यक्रम नवा, दुसऱ्या कुणीतरी केलेला, ओडीबीसीच्या दाराने येणारा. सहा महिने ठीक चाललं. एका संध्याकाळी पावत्या चढत असताना वीज गेली. साठेक पावत्यांपैकी चाळीस चढल्या होत्या. वीज आल्यावर कारकुनाने यंत्र पुन्हा जोडलं आणि साठच्या साठ पावत्या पुन्हा चढवल्या. चाळीस गिऱ्हाइकांच्या खात्यांवर दुहेरी जमा! आणि एजंटाने भरलेली रोकड मात्र साठ पावत्यांचीच.

दुसऱ्या दिवशी ताळा केला तेव्हा खात्यांवरची जमा जास्त आणि रोकड कमी. रोकड कमी म्हटल्यावर बोट कुणाकडे जाणार? सायकलवरून गावभर फिरणाऱ्या एजंटाकडे. त्याला फरकाची रक्कम भरायला सांगितली गेली. त्याने निम्मी भरलीही. मग कुणीतरी भाच्याला बोलावलं. मी त्याला विचारलं, तुला सापडलं कसं? तो म्हणाला, “मामू, मी आधी आकडे बघितलेच नाहीत. वेळा बघितल्या.” चाळीस नोंदी विजेच्या आधीच्या आणि त्याच पावत्यांच्या चाळीस नोंदी विजेच्या नंतरच्या. वीज गेली तेव्हा पहिल्या चाळीस मागे फिरायला हव्या होत्या, त्या फिरल्या नाहीत, म्हणजे प्रत्येक नोंदीला स्वतंत्र कबूल मिळत होतं. त्याने तीच वाक्यं दोन्ही दारांनी चालवून पाहिली. एका दाराने मधेच तोडलं की सगळं मागे, दुसऱ्या दाराने तोडलं की अर्धं शिल्लक. मग दोन दुरुस्त्या. एक, यंत्राच्या दाराला ऑटोकमिट बंद करून सगळ्या पावत्यांची एक मोट. दोन, पावतीचा क्रमांक वहीत दुसऱ्यांदा येताच कामा नये असा बंदोबस्त. दुसरी दुरुस्ती मला अधिक मोलाची वाटते. कारण होकार दिला गेला आणि त्याची बातमी तेवढी वाटेत हरवली, तर माणूस पुन्हा बटण दाबणारच. तो त्याचा दोष नाही. त्याच पावतीची ही दुसरी खेप आहे हे वहीला ओळखता आलं पाहिजे. एजंटाचे पैसे परत मिळाले. माफी कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

ही आपल्या गल्लीतली गोष्ट वाटेल. पण याच घडणीची गोष्ट ब्रिटनच्या टपाल खात्यात सोळा वर्षं चालली आणि तिने शेकडो घरं मोडली. १९९९ पासून तिथल्या पोस्ट ऑफिसांमध्ये होरायझन नावाची संगणक पद्धत बसवली गेली, फुजित्सू या कंपनीची. तिथली छोटी पोस्टं गावातले दुकानदार चालवतात, सबपोस्टमास्तर म्हणून. त्यांत आपल्या उपखंडातून गेलेली कुटुंबं पुष्कळ. हिशेबात तूट दिसली की ती त्यांनी पदरची भरायची, असा पोस्टाचा आग्रह. आणि तुटी दिसू लागल्या.

स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क इथल्या एका पोस्टात एका काउंटरची नोंद शेजारच्या काउंटरला दिसतच नसे, कारण आतलं एक कुलूप सुटत नव्हतं. दिसली नाही म्हणून माणूस ती पुन्हा करी. हा दोष २००६ पर्यंत राहिला. २०१५ मध्ये डॅलमेलिंग्टन इथे आठ हजार पौंडांची रोकड आल्याची नोंद करताना बटण दाबलं तरी पडदा हलेना. बाईंनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. आठ हजार चार वेळा लिहिले गेले आणि चोवीस हजारांची तूट उभी राहिली. आपल्या पिग्मीवाल्याचीच गोष्ट नाही का ही?

याहून भयंकर होतं ते मागचं दार. फुजित्सूच्या कार्यालयात बसलेल्या माणसांना एखाद्या पोस्टाच्या हिशेबात दुरून नोंद घालता येत होती. आणि अशी नोंद त्या पोस्टातूनच झाली असं दिसण्याची सोयही त्या दारात होती. असं दार नाहीच, असं पोस्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं. संगणक बरोबर चालत होता असंच न्यायालयंही गृहीत धरत होती. सरेमधल्या सीमा मिश्रा यांना २०१० साली चौऱ्याहत्तर हजार पौंडांच्या चोरीच्या आरोपावरून पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या. असे नऊशेहून अधिक लोक दोषी ठरवले गेले.

ॲलन बेट्स या सबपोस्टमास्तरांनी सहकाऱ्यांना जमवून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष एकेक करून निकालपत्रात मांडले, मागच्या दारासकट. ते निकालपत्र म्हणजे बिघाड कसा शोधावा याचा पाठ आहे. नोंद कुठल्या दाराने आली, कुणाच्या नावाने आली, कबूल कुणी म्हटलं, त्याची रोजकीर्द कुठे आहे? हेच प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी विचारता आले असते. एप्रिल २०२१ मध्ये सीमा मिश्रांसह एकोणचाळीस जणांची शिक्षा रद्द झाली. बाकीच्यांसाठी मे २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदाच करावा लागला. चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे, की या प्रकरणापायी किमान तेरा माणसांनी स्वतःचा जीव घेतला असण्याची शक्यता आहे. त्यांच्या बाबतीत कुठला रोलबॅक करणार?

आपल्याकडे संशयातल्या व्यवहाराबाबत एक बरी गोष्ट झाली, ती म्हणजे वाट पाहण्याला मुदत आली. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम गेली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने आपणहून ती परत जमा करायची. यूपीआयने कुणाला पाठवलेले पैसे त्याला पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत. मुदत टळली तर दर दिवशी शंभर रुपये भरपाई. म्हणून पडदा पांढरा झाला की लगेच पुन्हा बटण दाबू नये. आधी खात्याचा उतारा पाहावा आणि यूपीआयचा बारा आकडी क्रमांक टिपून ठेवावा. दोन वह्यांमध्ये तुमची एकच गोष्ट शोधायला उपयोगी पडणारा धागा तोच.

निरोप आलाच नाही तर किती थांबायचं आणि काय गृहीत धरायचं, हे यंत्रांनाही शिकवावं लागतं. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रीत बसवली होती, की मध्यस्थाच्या रोजकिर्दीत काहीच सापडलं नाही तर व्यवहार झाला नाही असंच समजायचं. कायद्याने तर हे फार आधी केलं आहे. हरवलेल्या माणसाची सात वर्षं काही खबर नसेल, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. मुस्लिम विवाह विच्छेदनाच्या १९३९ च्या कायद्यात नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बायकोला निकाह मोडून मागता येतो. त्यातही एक तरतूद आहे. न्यायालयाचा हुकूम झाल्यावर तो सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात तो माणूस परत आला आणि संसार करायला तयार झाला, तर हुकूम रद्द होतो. कायदा लिहिणाऱ्यांनी तिथेही पक्क्या होकाराच्या आधी थोडी जागा ठेवली.

हे सांगण्याचं कारण जिम ग्रे. १९९८ साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा. रविवार, २८ जानेवारी २००७ रोजी तो आपल्या शिडाच्या बोटीतून एकटाच सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. आईच्या अस्थी फॅरलॉन बेटांजवळ समुद्रात सोडायच्या होत्या. हवा चांगली होती. बोटीवरून मदतीची हाक आली नाही. तो परत आला नाही. तटरक्षक दलाने शोधलं. मग मित्रांनी उपग्रहांची छायाचित्रं मिळवली, आणि हजारो अनोळखी माणसांनी घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर समुद्राचा तुकडा न् तुकडा डोळ्यांखालून घातला. पुढे समुद्राचा तळही धुंडाळला गेला. फळकुटही मिळालं नाही. पुढच्या वर्षी ३१ मे रोजी बर्कलीत त्याचे सहकारी जमले. तेव्हा कार्यक्रमाच्या नावात त्यांनी गौरव हा शब्द ठेवला, शोकसभा म्हटलं नाही, कारण कागदोपत्री तो बेपत्ता होता. त्याच्या पत्नीने पाच वर्षं वाट पाहिली. २०१२ साली न्यायालयाने त्याला मृत घोषित केलं.